चार्जरच्या युनिटांचा हिशोब: काय, कशाशी आणि कोणत्या क्रमानं ताडायचं

ई-गाडी घेऊन दोन-तीन महिने झाले की सोलापुरात एक तक्रार हमखास ऐकू येते: "बॅटरीत २४ युनिट गेले, मग बिल २७ युनिटांचं कसं?" शंका रास्त आहे, पण तिच्यामागचा हिशोब चुकलेला असतो. गाडीच्या पडद्यावरची टक्केवारी गुणिले बॅटरीची क्षमता, हे चार्जरच्या मीटरचं मोजमाप नव्हेच. या चुकीचे परिणाम दोन. मीटर बरोबर असतानाही भांडणं होतात. आणि मीटर खरोखरच चुकत असतं, तेव्हा कच्च्या पुराव्यामुळे तक्रार पहिल्याच उत्तरात फेटाळली जाते. मला दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते, कारण तिथे ग्राहकाचा हक्काचा पैसा जातो.

खालचे टप्पे घरी गाडी लावणाऱ्यांसाठी, बाहेरच्या स्टेशनवर जाणाऱ्यांसाठी आणि स्टेशन चालवणाऱ्यांसाठी आहेत. पहिले तीन सगळ्यांनी वाचावेत. पुढे आपापला टप्पा पाहावा.

## टप्पा १: मोजणीची जागा ठरवा

वीज महावितरणच्या मीटरमधून निघते. पुढे घरची वायरिंग, चार्जर, केबल, गन (गाडीत खोचायचं केबलचं टोक), गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर आणि शेवटी बॅटरी. या वाटेवर प्रत्येक ठिकाणी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून "किती युनिट?" या प्रश्नाला "कुठे मोजले?" हा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर नाही.

एसी चार्जिंगमध्ये, म्हणजे घरचा ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचा चार्जर, एसीचं (घरात येणाऱ्या उलटसुलट प्रवाहाचं) डीसी (बॅटरीला लागणारा एकाच दिशेचा प्रवाह) गाडीच्या आत होतं. मीटर त्याच्या अलीकडे असतं. रूपांतरात जाणारी ऊर्जा गाडीनं वापरलेलीच असते, ती बिलात येणारच. ४० युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेली तर बॅटरीत २४ युनिट जातात. गाडीची एकूण कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर मीटरवर साधारण २७.३ युनिट दिसायलाच हवेत. सुरुवातीच्या तक्रारीतले २७ युनिट असे आले, त्यात चोरी नाही.

डीसी फास्ट चार्जिंगमध्ये रूपांतर चार्जरच्या पेटीत होतं. तिथलं नुकसान स्टेशनचं, ग्राहकाचं नव्हे. ग्राहकाला जे मिळतं ते गनच्या टोकाशी मिळतं, म्हणून मोजणीही तिथलीच धरली पाहिजे. मीटर पेटीच्या आत असेल तर केबलमधलं नुकसान वजा व्हायला हवं. ते किती? ५ मीटर लांब, ३५ चौरस मिमी तांब्याच्या केबलमधून १०० अँपिअर गेले तर जाऊन-येऊन सुमारे ५० वॉट उष्णता होते. ४०० व्होल्टला, म्हणजे ४० किलोवॅटवर, हे फक्त ०.१२५ टक्के. केबलवरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण एखादं स्टेशन डीसी चार्जरचं बिल आत येणाऱ्या एसी विजेवर लावत असेल तर फरक काही टक्क्यांचा होतो. तो प्रश्न जरूर विचारा.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहा: "मी अमुक जागेचं मीटर तमुक जागेच्या मीटरशी ताडतोय." दोन्ही जागांच्या मध्ये रूपांतर येत असेल तर ती तुलना बाद.

## टप्पा २: किती फरक चालतो ते माहीत करून घ्या

मीटरवर "क्लास १" लिहिलेलं असतं. नेहमीच्या लोडवर त्याची चूक अधिक-उणे १ टक्क्याच्या आत असावी, असा त्याचा अर्थ. घरगुती आणि छोट्या व्यावसायिक एसी मीटरसाठी भारतीय मानक आयएस १३७७९ लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटर विनियमांनुसार ६५० व्होल्टपर्यंतच्या ग्राहकाचं मीटर क्लास १ किंवा त्याहून चांगलं असलं पाहिजे. डीसी ऊर्जा मोजणाऱ्या मीटरसाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२०५३-४१. चार्जिंग उपकरणांच्या वैध मोजमापासाठी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेनं २०२२ मध्ये जी २२ ही मार्गदर्शिका काढली.

बाहेरचं एक उदाहरण अंदाजासाठी उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एसी चार्जरला नवा असताना १ टक्का आणि वापरात असताना २ टक्के चूक चालते. डीसीला अनुक्रमे २.५ आणि ५ टक्के. हे आकडे आपल्याकडचा कायदा नाहीत. पण डीसी मोजणं एसीपेक्षा अवघड आहे आणि वापरातल्या यंत्राला नव्यापेक्षा थोडी सूट द्यावी लागते, एवढं त्यातून कळतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. दोन क्लास १ मीटर एकमेकांशी ताडले आणि १.५ टक्के फरक आला, की लोक म्हणतात चार्जर खोटा. एक मीटर ०.८ टक्के जास्त आणि दुसरं ०.७ टक्के कमी दाखवत असेल तर फरक १.५ टक्केच येतो, आणि दोन्ही मीटर नियमात असतात! अशा तुलनेत २ टक्क्यांपर्यंत कुणालाही दोषी धरता येत नाही. त्यापेक्षा बारीक निकाल हवा असेल तर चार्जरपेक्षा बऱ्याच वरच्या दर्जाचं, अचूकता तपासल्याचं (कॅलिब्रेशन) प्रमाणपत्र असलेलं मीटर लागतं.

## टप्पा ३: तयारी

वही, मोबाइलचा कॅमेरा, घड्याळ. बाकी साहित्य तुम्ही काय तपासताय त्यावर. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) काहींकडे असतो, पण साधा क्लॅम्प फक्त अँपिअर दाखवतो, युनिट नाही. त्यानं "चार्जर चालू आहे का" एवढंच कळतं.

तयारीतला खरा मुद्दा म्हणजे किती युनिटांची चाचणी घ्यायची. पडद्यावरचा शेवटचा अंक ०.१ युनिटाचा असेल आणि तुम्ही १ युनिट भरून पाहिलं, तर त्या अंकामुळेच १० टक्क्यांपर्यंत गोंधळ होतो. माझा नियम साधा आहे: शेवटच्या अंकाची किंमत गुणिले ४००, तेवढे युनिट किमान भरायचे. ०.०१ दाखवणाऱ्या मीटरला ४ युनिट पुरतात, ०.१ दाखवणाऱ्याला ४० लागतात. मग अंकामुळे येणारी चूक पाव टक्क्यावर राहते.

बॅटरी २० ते ३० टक्क्यांवर असताना सुरू करा आणि ८० च्या आसपास थांबवा. शेवटच्या टप्प्यात गाडी करंट कमी करत नेते, आणि फार कमी करंटवर मीटरला नियमातच जास्त चूक माफ असते.

सावधान: सॉकेट, एमसीबी बॉक्स किंवा चार्जरचं झाकण स्वतः उघडू नका. मीटर जोडण्याचं काम परवानाधारक वायरमनचंच. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसलेल्या जागी चाचणी घेऊच नका.

## टप्पा ४: घरचा चार्जर

इथे क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी मेन मीटर तपासा. घरातलं सगळं बंद करा: फ्रिज, मोटर, आणि विशेषतः इन्व्हर्टर. दिवे-पंखे बंद करून इन्व्हर्टर विसरणारे खूप. तो स्वतःची बॅटरी भरत बसतो आणि हिशोब बिघडवतो. सगळं बंद झाल्यावर मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे (काही मीटरमध्ये तो स्थिर पेटून राहतो). लुकलुकत असेल तर कुठेतरी लोड किंवा गळती आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

२. फक्त चार्जर चालू करा. पाच मिनिटं जाऊ द्या, करंट स्थिर होतो.

३. मीटरच्या पट्टीवर पल्सचा आकडा असतो, उदाहरणार्थ एका युनिटला ३२०० पल्स. मोबाइलवर दिव्याचा व्हिडिओ घ्या आणि नंतर हळू वेगात १०० लुकलुक मोजा. समजा ३५ सेकंद लागले. मग किलोवॅट म्हणजे १०० गुणिले ३६००, भागिले ३२०० गुणिले ३५, उत्तर ३.२१. चार्जरचा किंवा ॲपचा आकडा याच्या जवळ आला तर जोडणीत ढोबळ चूक नाही. ही चाचणी तेवढ्यापुरतीच. तिच्यावर १-२ टक्क्यांचा निकाल देऊ नका.

४. निकालासाठी ऊर्जेची तुलना लागते. चार्जरच्या स्वतंत्र सर्किटवर क्लास १ चं छोटं डीआयएन रेल मीटर (एमसीबीसारखं पट्टीवर बसणारं) बसवून घ्या. मे महिन्यात सोलापुरात रात्रभर पंखा-कूलर बंद ठेवून चाचणी घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. स्वतंत्र मीटर असलं की घरचा बाकी लोड मध्ये येत नाही आणि चाचणी रोजच्या चार्जिंगबरोबर होऊन जाते.

५. सुरुवातीला चार्जरचं आणि या छोट्या मीटरचं एकूण रीडिंग लिहा, शेवटी पुन्हा लिहा. रोजच्या सत्रांचे पूर्णांकात केलेले आकडे बेरजेला घेऊ नका. प्रत्येक सत्रात थोडं-थोडं गळतं किंवा वाढतं आणि बेरीज फसवते.

६. चूक काढा: चार्जरचे युनिट वजा संदर्भ मीटरचे (ज्याच्याशी ताडतोय त्या, इथे छोट्या मीटरचे) युनिट, भागिले संदर्भ मीटरचे युनिट, गुणिले १००. चार्जरवर ६.७१ आणि छोट्या मीटरवर ६.६२ आले तर चूक १.३६ टक्के. टप्पा २ प्रमाणे हे चालतं.

सावधान: ऑनलाइन मिळणारी, सॉकेटमध्ये खोचायची ऊर्जा मीटरं तासन् तास १५ अँपिअर वाहायला बनलेली असतीलच असं नाही. अर्ध्या तासानं प्लग हाताला गरम लागला किंवा प्लास्टिकचा वास आला तर चाचणी तिथेच थांबवा.

महावितरणच्या मीटरबद्दलच संशय आला तर २०२० चे वीज ग्राहक हक्क नियम तुमच्या बाजूनं आहेत. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की ३० दिवसांत मीटर तपासलं गेलं पाहिजे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर पडताळणीसाठी ५ दिवसांत जादा मीटर लावायची तरतूदही आली, आणि ते किमान ३ महिने ठेवायचं. ही तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

## टप्पा ५: बाहेरचं स्टेशन

पुणे रोड, विजापूर रोड, अक्कलकोट-तुळजापूरकडे जाताना लागणारी स्टेशनं: इथे तुम्हाला मध्ये मीटर जोडता येत नाही. म्हणून तपासणी तीन पायऱ्यांत करायची, आणि प्रत्येक पायरीवरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे लक्षात ठेवायचं.

पहिली पायरी, बिलाचं गणित. चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी असतो. दर २० रुपये धरला आणि पडद्यावर १८.४२ युनिट आले, तर ३६८.४० रुपये, त्यावर कर ६६.३१, एकूण ४३४.७१. बरेच जण एकूण रकमेला २० नं भागतात, २१.७ युनिट काढतात आणि ३ युनिट चोरले म्हणतात. कर बाजूला काढा. मग बुकिंगची रक्कम किंवा गाडी भरल्यावरही जागा अडवल्याचा आकार वेगळा लागलाय का ते पाहा. त्यानंतर उरलेली रक्कम भागिले दर. "मीटर खोटं" म्हणून आलेल्या अनेक तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी पायरी, पडद्याचा पडद्याशी मेळ. गन लावण्याआधी पडद्याचा फोटो घ्या. आकडा शून्यावर असला पाहिजे. गाडीतला एअर कंडिशनर, गाणी, दिवे बंद करा. दर दोन मिनिटांनी व्होल्ट आणि अँपिअर लिहा. ३८५ व्होल्ट आणि ६२ अँपिअर म्हणजे २३.८७ किलोवॅट, हे अर्धा तास टिकलं तर ११.९ युनिट. पडदा १२.० दाखवत असेल तर ठीक. १३ दाखवत असेल तर मोजणीच्या किंवा बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे. गन काढण्याआधी शेवटचा फोटो घ्यायला विसरू नका, काही चार्जर गन काढताच पडदा पुसतात.

पण या पायरीची मर्यादा ओळखा. व्होल्ट, अँपिअर आणि युनिट एकाच सेन्सरवरून येत असतील, तर सेन्सरच चुकला की तिन्ही आकडे एकसारखे चुकतील आणि मेळ तरीही जुळेल.

तिसरी पायरी, दोन स्टेशनांची तुलना. तीच गाडी, दोन्हीकडे डीसी, दोन्हीकडे ३० ते ७० टक्के. एका टक्क्याला किती युनिट लागले ते काढा. टक्केवारी पूर्णांकात दिसते, त्यामुळे ४० टक्क्यांच्या पट्ट्यात अडीच टक्क्यांपर्यंत चूक निव्वळ त्यामुळेच येऊ शकते. १० टक्क्यांच्या पट्ट्यात हीच चूक १० टक्के होते. म्हणून पट्टा लहान करू नका. ५ टक्क्यांहून जास्त फरक दुसऱ्यांदाही तसाच आला तरच संशय धरा.

इथे सोलापूरचं ऊन मध्ये येतं. मे महिन्यात दुपारी पुण्याहून २५० किमी पळून आलेल्या गाडीची बॅटरी तापलेली असते. गाडी चार्जिंग चालू असताना तिला थंड करत राहते, आणि त्याला लागणारी वीज चार्जरच्याच मीटरमधून जाते. एक चाचणी अशा दुपारी आणि दुसरी पहाटे घेतली, तर स्टेशनांची नव्हे, उन्हाची तुलना होईल. दोन्ही चाचण्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर घ्या.

तपासणी: वहीत स्टेशनचं नाव, चार्जरचा क्रमांक, गन कोणती, तारीख, वेळ, सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी, सुरुवातीचे आणि शेवटचे युनिट, बिलाचा क्रमांक. चार्जरचा क्रमांक राहिला तर बाकी सगळं लिहूनही उपयोग नाही. एका स्टेशनवर दोन-तीन यंत्रं असतात.

## टप्पा ६: स्टेशन चालवणाऱ्यांसाठी

होटगी रोडवरचं हॉटेल असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, चार्जर बसवल्यावर पहिली चूक बहुधा एकच: महावितरणचं बिल आणि चार्जरच्या सत्रांची बेरीज थेट ताडणं. मध्ये तीन गोष्टी येतात. एक, रूपांतरातलं नुकसान. दोन, चार्जर रिकामा उभा असतानाची वीज; १०० वॉट धरले तरी दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट. तीन, बिल केडब्ल्यूएचवर (नेहमीच्या युनिटांवर) आहे की केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही हिशोबात धरणाऱ्या युनिटांवर); पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, ०.९६ असेल तर १०० युनिटांना १०४ केव्हीएएच दिसतात. हे तिन्ही वजा करून मगच चार्जरकडे बोट दाखवा.

मीटर सीटीवर (मोठा करंट मोजण्याजोगा लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवर) असेल तर फरकाचं प्रमाणच दोष सांगतं. तिन्ही फेजवर सारखा लोड असताना एका फेजची सीटी उलटी जोडली तर मीटर खऱ्याच्या एक तृतीयांश मोजतं. एका सीटीची तार सुटली तर दोन तृतीयांश. २००/५ ची सीटी लावून सेटिंगमध्ये १००/५ राहिलं तर निम्मं. असे स्वच्छ अपूर्णांक दिसले की मीटर बदलायची घाई नको, आधी जोडणी आणि सेटिंग पाहा. उलट ३, ४ किंवा ६ टक्क्यांचा फरक असेल तर तो कॅलिब्रेशनचा, तापमानाचा किंवा जुन्या भागांचा असतो.

तापमानाचं गणित इथे टाळता येत नाही. क्लास १ च्या एसी मीटरला संदर्भ तापमानापासून (ज्या तापमानाला त्याची अचूकता ठरवलेली असते त्यापासून) दर अंशाला ०.०५ टक्के फरक माफ आहे. बंद पेटीत, थेट उन्हात, संदर्भापेक्षा २० अंश जास्त झाले की तेवढ्यावरच १ टक्का जातो. चार्जरवर पत्र्याचं छप्पर घाला, पेटीचे वारा जायचे मार्ग आणि पंख्याच्या जाळ्या साफ ठेवा. यंत्रमागाच्या पेठांजवळ जाळ्यांवर सुताचे तंतू बसतात. तिथे जाळी आठवड्याला पाहावी.

पॉवर मॉड्यूल, कंट्रोल बोर्ड किंवा सॉफ्टवेअर बदललं की अचूकतेची चाचणी पुन्हा घ्या. दुरुस्तीनंतर सेटिंग मूळ आकड्यांवर परत जाऊ शकतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून, कमी लोड आणि पूर्ण लोड अशा दोन्ही ठिकाणी. मान्यतेच्या यादीत "डीसी ऊर्जा" आहे का ते आधी विचारा. नुसती एसीची मान्यता असलेल्यांचं प्रमाणपत्र फास्ट चार्जरला चालणार नाही.

## टप्पा ७: तक्रार कुणाकडे

इथे बहुतेकांचा रस्ता चुकतो. स्टेशनवरच्या चार्जरची तक्रार घेऊन लोक महावितरणकडे जातात. पण वाहन चार्जिंग ही सेवा आहे, त्यासाठी २००३ च्या वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्ये केला. चार्जरच्या आतलं मीटर महावितरणचं नसतं आणि ते तपासण्याची जबाबदारीही तिची नसते.

पहिली तक्रार स्टेशन चालवणाऱ्या कंपनीकडे, लेखी, फोटोंसह. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्यवहारातल्या मोजमापाचा प्रश्न म्हणून जिल्ह्यातल्या वैध मापन शास्त्र कार्यालयाकडेही अर्ज द्यावा. मोजमापाचं साधन पडताळलेलं असावं हे तत्त्व २००९ च्या वैध मापन कायद्यातलं आहे. पैशाची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग.

अर्जात "चार्जर फसवतो" असं लिहू नका. त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही आणि कुणाला द्यावंही लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: अमुक क्रमांकाचा चार्जर, अमुक तारखांची दोन सत्रं, मोजणी कुठल्या जागेची, पडद्यावर आलेले युनिट, व्होल्ट-अँपिअरवरून आलेले युनिट, दुसऱ्या स्टेशनवर एका टक्क्याला लागलेले युनिट, फरक टक्क्यांत. शेवटी मागणी एकच: या चार्जरची संदर्भ मीटरसह, माझ्या उपस्थितीत, कमी आणि पूर्ण अशा दोन्ही लोडवर चाचणी घ्यावी आणि अहवालाची प्रत द्यावी. अहवाल आला की त्यात मीटर पेटीच्या आत मोजलं की गनच्या टोकाशी, हे आधी शोधा. ते लिहिलेलं नसेल तर अहवाल परत पाठवून लिहून मागा.